हौशीरामची दाढी

रेफरीनं शिट्टी तोंडात धरली खरी, पण फुंकायला पोटात जागाच नव्हती. कशीबशी फुर्र झाली आणि वारूळवाडी फुटबॉल क्लबची मोसमातली शेवटची मॅच सुरू झाली. सुरू झाली म्हणजे बावीस जण मैदानात उभे राहिले. चेंडू मधोमध पडून होता आणि त्याच्याकडं कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

कडेला टोमॅटोच्या क्रेटवर बसलेल्या हौशीरामच्या छातीत धडधडत होतं. ती छाती दिसत मात्र नव्हती, कारण तिच्यावर दाढी रुळत होती. अठ्ठ्याण्णव सालचा वर्ल्डकप टीव्हीवर बघून गावातल्या पोरांनी क्लब काढला आणि जिल्हा लीगच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये नाव लावलं. त्याच दिवशी हा बाबा साऱ्या गावादेखत गावदेवी मुक्ताईपुढं नवस बोलून बसला. आपली टीम एक मॅच जिंकेपर्यंत दाढीला वस्तरा लावणार नाही! त्याला वाटलं होतं, आठवडाभराचा तर प्रश्न आहे.

मग मोसमभर तो आपल्या टेम्पोत माणसं आणि हलगी भरून टीमच्या मागं हिंडला. टीम कळंबला हरली, पुण्यात हरली. चाकणला समोरचे दोन गडी आलेच नाहीत, तिथंही हरली. परतताना हौशीराम हलगी तेवढ्याच जोरात वाजवायचा. हरल्यावर वाजवायची हलगी काही वेगळी नसते, असं त्याचं म्हणणं. टीमवर त्याचा भारी जीव होता, आणि जीव लावायला माणसाला कारण थोडंच लागतं?

पण आता लेकीचं, अक्षदाचं, लग्न आठ दिवसांवर आलं होतं. बायकोनं, बयाबाईनं, निक्षून सांगितलं होतं, ‘‘ह्या अवतारात माझ्याशेजारी कन्यादानाला बसायचं न्हाई. मी माझ्या भाऊ-भावजयीला पाटावर बसवीन.’’ हौशीरामची झोप उडाली. नवस मोडावा तर लेकीच्या संसाराला देवीचा कोप, न मोडावा तर लेकीचं कन्यादान दुसऱ्याच्या हातून. पोर जन्मली त्या दिवसापासून त्यानं त्या पाटाची वाट बघितली होती.

शेवटी तोडही बयाबाईनंच काढली. एरवी पाहुण्या टीमला मॅच झाल्यावर जेवण असायचं. या वेळी पुण्याहून आलेल्या टीमला तिनं आधीच पंगतीला बसवलं. मासवडी, झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी. चार घास जास्त गेले की पळणार कोण? बेत फक्कड होता. फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. आपल्या गावात पाहुण्याला एकट्याला जेवू घालत नाहीत. यजमान शेजारी बसतो आणि आग्रह करतो.

वारूळवाडीची अख्खी टीम पाहुण्यांच्या शेजारी बसली.

‘‘घ्या पावणं, अजून एक वडी.’’

‘‘तुम्ही घेतलीत तर आम्ही घेतो.’’

असं करत करत टोपलं रिकामं झालं. रेफरीला तर दोन्ही टीमनं आग्रह केला.

आता मैदानात सगळे कमरेवर हात ठेवून श्वास घेत होते. पाहुण्यांचा गोलकीपर खांबाला टेकून चक्क बसला होता. मॅच संपत आली तेव्हा आपला सूरज रमत गमत चेंडूपाशी पोचला आणि त्यानं पाय लावला. चेंडू गोलकीपरच्या समोरून घरंगळत गेला आणि रेषेच्या वीतभर अलीकडं थांबला.

‘‘सूरज, ढकल की लेका!’’ हौशीराम क्रेटवर उभा राहून ओरडला.

‘‘काका,’’ सूरज जागेवरूनच म्हणाला, ‘‘आता हललो तर वडी भायेर यील.’’

फुर्र. मॅच बरोबरीत सुटली.

हौशीराम मटकन खाली बसला आणि पोरासारखा रडायला लागला. जत्रेच्या कुस्त्यांचे जुने पंच चिमाजीअण्णा काठी टेकत त्याच्याजवळ आले.

‘‘आरं, रडतो कशाला? कुस्ती बरोबरीत सुटली तर आपण काय करतो?’’

‘‘इनाम निम्मं-निम्मं वाटतो.’’

‘‘मग दाढीबी निम्मी. देवीनं आपल्यापेक्षा जास्त कुस्त्या बघितल्यात, तिला नियम ठावं हाय.’’

गावाला हे एकदम पटलं. सगळे बयाबाईकडं बघायला लागले. बयाबाई जरा विचारात पडली.

‘‘कन्यादानाला मी ह्यांच्या कुठल्या बाजूला बसायची?’’

‘‘उजव्या,’’ चिमाजीअण्णा म्हणाले.

‘‘मग उजवी काढा.’’

आठ दिवसांनी हौशीराम ऐटीत पाटावर बसला. अक्षदाचा हात जावयाच्या हातात देताना त्याचे दोन्ही डोळे पाझरायला लागले. बयाबाई शेजारून पदरानं त्याचा गाल पुसत राहिली, पण तिचा हात उजव्या गालापर्यंतच पोचत होता. डावीकडं वऱ्हाडाच्या बायका बसल्या होत्या, त्यात नवरदेवाची आजी साळुबाईही होती. त्या बाजूचं सगळं पाणी दाढीत मुरत होतं.

पाठवणीच्या वेळी साळुबाई गाडीत बसता बसता थांबली. हौशीरामला तिनं याआधी एकदाच, सुपारी फुटली तेव्हा बघितलं होतं; ते नवसाच्या आधी, तेव्हा तो गुळगुळीत होता. आता ती त्याच्या उजव्या अंगाला उभी होती.

‘‘व्याही, तुमी लई घट्ट मनाचं निघालात,’’ ती म्हणाली. ‘‘पर तुमच्याशेजारी बसलेलं ते दाढीवालं महाराज कुठं गेलं? पोरीसाठी बापापरीस तेच जास्त रडत व्हतं. त्यांच्या पाया पडायचं राहिलं.’’