चुन्याखालचं हसू

"चुना काढलात तर देऊळ ओकंबोकं दिसेल, ताई," म्हणत सोपान गुरव खांबासमोर हात पसरून उभे राहिले. चाळीस वर्षं दर दसऱ्याआधी त्या पुरातन देवळाला त्यांनीच आपल्या हातांनी चुना दिला होता.

"काका, एवढा एकच कोपरा बघू द्या," डागडुजीसाठी आलेली मृण्मयी म्हणाली. ते नाइलाजाने बाजूला झाले. तिने ओला ब्रश हळूहळू फिरवायला सुरुवात केली.

पांढरे पापुद्रे गळून पडू लागले. आधी पैंजण दिसले, मग उचललेलं पाऊल, मग तळव्यातला काटा काढणारी नाजूक बोटं. शेवटी चेहरा उघडला. काटा काढता काढता ती दगडी बाई चक्क हसत होती.

सोपानकाका मटकन खाली बसले. "चाळीस वर्षं हिचं हसू मीच झाकून ठेवलं!" मृण्मयीला वाटलं, आता ते रडणार. पण ते खदखदून हसले. बाहेर हार गुंफणाऱ्या बायकोला त्यांनी हाक मारली, "अगं, पळत ये!"

गुरवीणबाई आल्या. त्यांनी त्या दगडी गालावरून अलगद बोट फिरवलं. मग पदर खोचत नवऱ्याला म्हणाल्या, "बघत काय बसलात? अजून पंधरा खांब आहेत, पाणी आणा!"