कच्चा जोड

दोघा भावांच्या घरांमधलं लोखंडी दार वेल्डिंग करून कायमचं बंद करायचं ठरलं, तेव्हा थोरला म्हाताऱ्या बापाला घेऊन मशीनच्या दुकानात आला. बापाचा सगळा जन्म लोखंड जोडण्यात गेलेला. मशीन त्यानंच निवडायचं होतं.

"दार जाड प्लेटचं आहे, बाबा. घरच्या लाइटवर चालेल, पण जोड पक्का बसेल असं बघा."

बापानं मोठ्या मशीनवरून हात फिरवला, झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि शेजारचं लहान मशीन उचललं. "हे पुरे झालं. मोठ्यानं घरातले दिवे मिणमिणतील."

"तुम्ही म्हणाल ते," म्हणत थोरला रिक्षा बघायला बाहेर गेला.

दुकानदार जुन्या ओळखीचा. तो हळूच म्हणाला, "मिस्त्री, पोराला फसवताय होय? याचा जोड वरून झकास दिसेल, पण जाड लोखंडात आत उतरायचा नाही. हातोड्याचा एक घाव बसला, की सुटला."

"सुटू दे की." बाप मिशीत हसला. "पोरांची डोकी थंड झाली, की तो घाव मीच घालणार आहे."

दुकानदार हसला नाही. पुसलेलं मशीन तो पुन्हा पुसत राहिला.

"सकाळी धाकटा येऊन गेला. सगळ्यात दांडगं मशीन नेलंय त्यानं. म्हणाला, दादा बाबांना आणेल आणि बाबा मुद्दाम हलकं निवडतील, म्हणून आमच्या बाजूनं मीच पक्कं करून टाकतो."