वाटीतली चिठ्ठी

"मॅडम, निषादचीही चिठ्ठी काढू ना?" ज्युनिअरनं हसत वाटी पुढे केली.

टेबलावर हर्नियाच्या ऑपरेशनसाठी डॉक्टर शाल्मलीचाच पाच वर्षांचा मुलगा होता. आज ती फक्त आई म्हणून त्याचा हात धरून उभी होती. वाटी मात्र तिचीच. भूल देऊन लहान मुलांच्या घशात श्वासाची नळी बसवायला पांढरं औषध बरं की पिवळं, हा तिचा अभ्यास. कोणाला कुठलं, ते चिठ्ठी ठरवायची. बिचकलेल्या आयांना ती मनापासून सांगायची, "दोन्ही सारखीच असतात हो. घाबरू नका."

"नको, नको! त्याला पांढरंच दे!"

हे आपणच ओरडलो, हे तिला क्षणभर कळलंच नाही. ज्युनिअरचा हात वाटीतच थबकला. सिस्टर तिच्याकडे बघतच राहिल्या. पिवळ्या औषधावर ठसकणारी, नळी दातांत धरणारी पोरं एकदम तिच्या डोळ्यांपुढे आली. म्हणजे आपल्याला ठाऊक होतं? कधीपासून?

पांढऱ्या औषधावर निषाद शांत झोपला. नळी अलगद बसली.

ती बाहेर आली. बाकावर सकाळी ऑपरेशन झालेल्या एका मुलीची आई बसली होती. मांडीवरची लेक, पिवळ्या चिठ्ठीची, अजून खोकत होती. शाल्मलीचा पांढराफटक चेहरा बघून तिनं सरकून जागा करून दिली.

"तुमचा बी आत हाय म्हणं?" तिनं शाल्मलीच्या पाठीवरून हात फिरवला. "घाबरू नगा, डाक्टरीणबाई. दोन्ही औषधं सारखीच असत्यात."