थोरला लेक

माल बघायला आलेला गोरा व्यापारी रुट्गर धावतच अंगणात शिरला. पायांना ओली वाळू, हातात फोन. फोन त्यानं सरळ थोआआजीच्या नाकासमोर धरला. किनाऱ्यावर देवमासा मरून पडला होता. सगळ्यांत आधी तो आपणच पाहिला, असं तो दिएमला सांगत होता. दिएम म्हणजे त्यानं सायगावहून आणलेली दुभाषी पोरगी.

माशांचा रस मुरवायच्या तिच्या पिंपांवरून गडी खाली उतरले. आजीनं दोनदा विचारलं, याच्याआधी तिथं कुणी नव्हतं ना? कुणी म्हणजे कुणी नाही, तो छाती काढून म्हणाला.

“बाबा गेले,” आजी म्हणाली आणि तिनं पांढरी पट्टी मागवली.

बेटावर देवमाशाला बाबाच म्हणतात. बुडत्या होडीला तो पाठीवर तोलून धरतो. मेलेला बाबा ज्याला सगळ्यांत आधी दिसला, तो त्याचा थोरला लेक. सुतकाची पट्टी त्यानंच कपाळाला बांधायची, तिसऱ्या दिवशी थडग्यावर पाणी द्यायचं आणि तोवर बेट सोडायचं नाही; सोडलं तर दर्या त्याची होडी गिळतो. दिएमनं सगळं समजावलं, तो मान डोलवत राहिला. व्हिएतनामी माणसाशी आधी नातं जोडावं, मग कागद काढावा, हे तो कुठल्याशा वर्गात पैसे भरून शिकून आला होता.

पट्टी बांधून तो सगळ्यांच्या पुढं चालला. उदबत्त्या लावल्या, गुडघे टेकले. गोरा असला तरी लेक म्हणून शोभला, असं म्हातारे कोळी आपसांत बोलले.

दुपारी बाबांवर माती लोटून होते न होते तोच त्यानं घड्याळ पाहिलं. कपाळाची पट्टी सोडली, नीट घडी केली आणि दोन्ही हातांनी आजीपुढं धरली. दोन्ही हातांनी द्यावं, हेही त्याला शिकवलेलं होतं.

आजीनं हात पुढं केले नाहीत.

दिएमनं खाली मान घालून त्याचा निरोप सांगितला. उद्या त्याची सायगावात बैठक आहे. आजच पलीकडच्या किनाऱ्याला पोचवलं तर वर्षभराचा माल तुमचाच घेईन, नाहीतर दुसरं घर बघतो. लाँच सुतकात बंद होती. एकेका कोळ्यानं पाठ फिरवली.

“मी सोडतो त्याला,” आजीचा मुलगा लुआन म्हणाला. “पिंपं भरून पडलीत, आई. मेलेल्या माशापायी गिऱ्हाईक घालवू?”

“सुतक टाकून निघालेल्याला होडीत घेऊन दर्यात जातोस? अक्कल काय मिठात घातलीस?”

आजी हे हसून म्हणाली. परक्यासमोर घरचं भांडण दिसू द्यायची तिची रीत नव्हती. तिला हसताना बघून रुट्गरही हसला. त्याला वाटलं, सौदा जमला.

लुआननं ऐकलं नाही. होडी लोटायला एकही हात आला नाही, दोघांनीच ती पाण्यात घातली. दिएम चढली नाही. पट्टी वाऱ्यानं उडू नये म्हणून रुट्गरनं ती दगडाखाली ठेवली होती.

इंजिन धडधडलं तशी आजी वाकली. दगड सारला, पट्टी उचलली आणि आपल्या कपाळाला करकचून बांधली.

म्हातारीनं आपला मान राखला असं वाटून रुट्गर होडीतून दोन्ही हात हलवत राहिला. लुआन एकदाच वळला. आईचं पांढरं कपाळ त्यानं पाहिलं, मग पुन्हा वळला नाही.

“बाबांचंच सुतक ना, आजी?” दिएमनं दबक्या आवाजात विचारलं.

आजीची नजर होडीवरून हलली नाही.

“संध्याकाळपर्यंत कळेल,” ती म्हणाली.