बारा जागांची मोजणी

बाराव्या जागेवरचं जाळंही हलकंच वर आलं. म्हाताऱ्या नावाड्याने ते होडीत झटकलं. दोन मासे पडले, तेही वीतभर.

"एवढेच?" मोजणीवाल्या बाईंनी विचारलं.

"एवढेच. पाण्याने तोंड मिटलंय, बाई."

बाईंनी मासे पट्टीवर धरून लांबी लिहिली, वजन घेतलं, एकेक खवला पाकिटात टाकला. बारा जाळ्यांत मिळून एकोणीस मासे. शंभराच्या खाली आकडा गेला, तर धरण रिकामं करून गाळ उपसायचा, असं कार्यालयाने लेखी कळवलं होतं. नवं बीज वाढेपर्यंत तीन वर्षं मासेमारी बंद.

"तीन वर्षं काय वारा खायचा?" नावाडी पुटपुटला.

"तुम्हाला चालेल मामंजी, दात कुठे लागतात त्याला," वल्ह्यावरची सून म्हणाली. मग तिने हनुवटीने पलीकडचा सुळका दाखवला. "बाई, तिथे खोल आहे. एक जाळं तिथे टाकू या ना."

"तू वल्हं मार," सासरा एकदम म्हणाला.

"जागा बदलल्या, तर मागच्या वर्षांशी ताळा कसा लागणार?" बाईंनी समजावलं. त्या बारा जागा त्यांनीच ठरवलेल्या. नऊ वर्षं त्याच.

ऊन वर आलं होतं, तरी पाण्यावर एक पाखरू नव्हतं. वल्ह्याचा आवाजही पाणी गिळून टाकत होतं.

काठाला लागताना बाईंचा फोन वाजला. नणंद होती.

"वहिनी, दादाचा काही पत्ता?"

"नाही हो वन्सं."

"पहाटे स्वप्नात आला होता. अंग ओलं. म्हणाला, फार गारठलोय."

"मनातलं असतं ते. गेलेत तसे येतील एक दिवस."

"नऊ वर्षं हेच म्हणतेस," नणंद म्हणाली आणि फोन ठेवला.

सून जाळी घेऊन चढावर गेली. बाई दगडावर बसल्या. बेरजेच्या घरात त्यांनी १९ लिहिलं. बाईंचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं कार्यालयात म्हणत. त्या बराच वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. मग एकोणिसापुढे त्यांनी एक शून्य काढलं.

नावाड्याने ते पाहिलं. डोक्याचं फडकं काढून त्याने हात जोडले.

"चाळीस चुली राखल्यात, बाई."

"कुठे बोलू नका."

"नाही बोलणार." त्याने चढावर नजर टाकली. सून दूर गेली होती. तो जवळ सरकला, आवाज अगदी खाली आणला.

"तुमच्या यजमानांवर मी नऊ वर्षांत एकदाही कुणाचं जाळं पडू दिलेलं नाही. पुढेही पडू देणार नाही."