अस्सल ग्राहक

"निदान..." एवढं म्हणून कॉम्प्युटर गप्प झाला.

मास्तरांनी कळ दाबली, पुन्हा दाबली. डोळे गेल्यापासून पडदा वाचून दाखवणाऱ्या या प्रोग्रामवरच त्यांची सगळी भिस्त होती. क्षणभराने तो बोलला, पण भलतंच. "यंत्र बदललेले आढळले. परवान्याची खात्री होईपर्यंत वाचन बंद."

यंत्र कसलं बदलतंय! गेल्या आठवड्यात दुरुस्तीवाल्याने आतला एक भाग तेवढा बदलला होता. प्रोग्राम घेताना मुलगा म्हणाला होता, "बाबा, याची कॉपी फुकट मिळते." मास्तर उखडले होते. परीक्षेत कॉपी पकडण्यात ज्याची हयात गेली, तो माणूस चोरीचा आवाज ऐकणार होता होय!

त्यांनी कंपनीला फोन लावला.

"पडद्यावरचा सोळा आकडी क्रमांक वाचा, सर," पलीकडची मुलगी म्हणाली.

"अगं, मला वाचता आलं असतं तर हा प्रोग्राम कशाला घेतला असता?"

"मग घरात वाचून सांगणारं कुणी आहे का?"

होतं. शेजारच्या खोलीत सून होती, आठवा महिना लागलेली. आधीच्या दोन्ही खेपा वाया गेलेल्या. स्वतःच्या पोटातल्या गाठीबद्दल मास्तरांनी घरात चकार शब्द काढला नव्हता. एकट्याने वाचता यावा म्हणून रिपोर्टही मेलवर मागवला होता. बाळ सुखरूप हातात येईपर्यंत तिला काही कळू द्यायचं नव्हतं.

"पडद्यावर बाकीचं काही दिसत असेल का गं?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

"नाही सर. फक्त आमची चौकट."

मास्तरांना हायसं वाटलं. फोन स्पीकरवर टाकून त्यांनी सुनेला हाक मारली.

ती आली, खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात वाचू लागली. "सात, दोन, दोन, नऊ... पाच, शून्य..."

मग थांबली.

"पुढचे आकडे, मॅडम?"

खुर्चीची पाठ करकरली. मास्तरांनी हात मागे नेला. तिची बोटं गार पडली होती.

"बाबा," ती कशीबशी म्हणाली, "या चौकटीमागे हा रिपोर्ट... तुम्हाला कधीपासून...?"

"हॅलो मॅडम, ऐकू येतंय ना? एवढे आकडे सांगितले की झालं. मग सगळं सर स्वतःच वाचू शकतील."