भिंतीवरचं नाव

"पोरांनी खरडलंय तेवढंच झाकायचं, की चित्रसुद्धा?" शहराच्या सफाई पथकातल्या माणसाने विचारलं. त्याच्या हातात रंगाची बंदूक होती आणि मागे गाडी धडधडत उभी होती.

मिग्दालिया आपल्या किराणा दुकानाच्या दारात आली. बाजूच्या भिंतीवर अनिबालचा चेहरा होता, छपरापर्यंत पोचलेला. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या नेरेइदाचा हा मुलगा. उत्तर फिलाडेल्फियातल्या याच कोपऱ्यावर तो गोळी लागून गेला होता. आता त्याच्या हनुवटीवर, गळ्यावर, कानाशी ज्याने त्याने आपापली नावं फवारून ठेवली होती. मिग्दालियाने घासून काढावीत, आठवड्यात ती पुन्हा उगवावीत. चित्राखाली मेणबत्त्या लागायच्या, मेणबत्त्यांपाशी टोळकं जमायचं, आणि टोळकं दिसलं की गिऱ्हाईक रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानात जायचं. तक्रारीचा फोन तिनेच केला होता.

"सगळंच झाका," ती म्हणाली.

"नक्की? कुणाच्या तरी आठवणीचं चित्र दिसतंय. तुम्ही नको म्हणालात तर आम्ही त्याला हात लावणार नाही."

"सगळं म्हटलं ना!"

ती आत जाऊन कॉफीचं यंत्र पुसू लागली. ते स्वच्छच होतं. बाहेर ओल्या पुठ्ठ्याच्या रंगाचा फवारा अनिबालच्या कपाळावर बसला तेवढ्यात हिराम धावत आला. छपरं शाकारून पोट भरणारा, दाढी पिकायला लागलेला हिराम. चित्र त्यानेच काढलेलं होतं. तो हातवारे करून ओरडत होता. पथकातल्या माणसाने तोंडावरचा मास्क वर केला आणि अंगठ्याने दुकानाकडे खूण केली. हिरामने काचेतून आत पाहिलं. मिग्दालिया काउंटरखाली वाकली, काहीतरी शोधत असल्यासारखी, आणि बराच वेळ तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रपाळी संपवून नेरेइदा थेट दुकानात आली. तिच्यामागे हिराम होता.

"पाहिलंस?" नेरेइदाचा आवाज बसला होता. "पुसून टाकलं गं माझ्या पोराला मेल्यांनी! बसमधून उतरले तर वाटलं, चुकीच्या कोपऱ्यावर उतरले." तिने काउंटरवरचा मिग्दालियाचा हात धरला. "तू नव्हतीस ना काल दुकानात?"

हिराम फ्रिजपाशी उभा होता. मिग्दालियाकडेच बघत होता.

"नव्हते," मिग्दालिया म्हणाली. "दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. दाढ फार ठणकत होती."

"वाटलंच मला! ह्याला मी तेच सांगत होते. म्हटलं, मिग्दालिया असती तर त्यांच्या गाडीपुढे आडवी झाली असती."

हिरामने फ्रिजचं दार उघडलं, आत पाहत राहिला आणि काहीच न घेता लावून टाकलं.

"डोन्या," तो थोरामोठ्या बाईला म्हणतात तशा अदबीने म्हणाला, "मी पुन्हा काढतो चित्र. पण भिंत तुमची. तुमची परवानगी पाहिजे."

"विचारायचं काय त्यात?" नेरेइदा म्हणाली.

"त्यांच्या तोंडून ऐकू दे."

"काढ," मिग्दालिया म्हणाली.

शनिवारी तो शिडी घेऊन आला. गल्लीतल्या बायकांनी भात आणि तळलेली केळी आणली, कुणी गाणी लावली. मिग्दालियाने स्वतः कॉफी नेऊन दिली. "ठेवा तिथे," हिराम वळून न पाहता म्हणाला. संध्याकाळी शिडीच्या पायाशी तो कप भरलेलाच होता. त्यात रंगाचे शिंतोडे पडले होते.

रविवारी दुपारी अनिबालचे डोळे झाले. नेरेइदा भिंतीला गाल लावून उभी राहिली. रंग ओला होता, तिच्या गालाला लागला. मग डोळे पुसून ती वळली.

"हिराम, खाली हिचं नाव घाल. मोठं घाल. हिने भिंत दिली म्हणून माझा पोरगा परत आला."

"नको, नको," मिग्दालिया मागे सरली. "माझं कशाला?"

"अगं, लाजतेस काय!"

लोक हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. मिग्दालियाने नेरेइदाचा दंड धरून तिला बाजूला घेतलं.

"नेरेइदा, ऐक माझं. त्या दिवशी मी..."

"तू डॉक्टरकडे होतीस. ठाऊक आहे मला. किती दिवस मनाला लावून घेशील? तुझी काय चूक त्यात?" नेरेइदाने तिला घट्ट मिठी मारली आणि आपल्या गालावरचा ओला रंग तिच्याही गालाला लावला.

हिराम शिडीवरून खाली उतरला. काळ्या रंगाचा डबा हलवत गुडघ्यावर बसला.

"सांगा डोन्या," तो म्हणाला. "नाव कसं लिहायचं? एकेक अक्षर सांगा. चूक राहायला नको."

सगळे ऐकायला जवळ सरकले.

"एम," मिग्दालिया म्हणाली.

"मोठ्याने सांगा. ऐकू येत नाही."